पार्टटाइम पगारातून तासाचा दर कसा काढायचा: गोव्यात पहिल्यांदाच कामाला लागणाऱ्यांसाठी

जून महिन्यात आमच्या शेजारची एक मुलगी संध्याकाळी घरी आली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि डिचोली बाजारातल्या एका औषधाच्या दुकानात संध्याकाळी ४ ते ८ काम करते. पगार महिना ९,००० रुपये, आठवड्याची सुट्टी रविवारी. तिला म्हापशाहून दुसरी ऑफर आली होती. कपड्यांचं दुकान, रोज साडेपाच तास, पगार ११,५००. "ताई, अडीच हजार जास्त आहेत, धरू का?" असं तिने विचारलं. मी तिला कागद आणि पेन्सिल दिली आणि आधी एकच आकडा काढायला सांगितलं, आत्ता एका तासाला किती मिळतात. तिने ९,००० ला १२० ने भागलं आणि ७५ उत्तर काढलं. महिन्याचे ३० दिवस, रोजचे ४ तास, म्हणून १२०.

पण रविवारी ती कामाला जातच नाही. त्या दिवसांचे तास तिने खाली का धरले?

दुकानदारांचे आणि छोट्या हॉटेलांचे पगार लिहून देणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हा गोंधळ मला दर महिन्याला दिसतो. पगाराचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. भागाकारात खाली कुठला आकडा घ्यायचा तिथे मात्र सगळे अडखळतात, मालकही आणि कामगारही. हा लेख त्या खालच्या आकड्याबद्दल आहे. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठेही पार्टटाइम लागला असाल, किंवा बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून रोज सीमा ओलांडून गोव्यात कामाला येत असाल, तर कागद घेऊन बसा आणि स्वतःचे आकडे घालत पुढे वाचा.

पहिली पायरी: आठवड्याचे तास लिहा

सुरुवात महिन्यापासून करू नका, आठवड्यापासून करा. महिना कधी २८ दिवसांचा तर कधी ३१ चा, आणि एखाद्या महिन्यात पाच रविवारही येतात. आठवडा मात्र कायम सात दिवसांचा. रोजचे तास गुणिले आठवड्यातले कामाचे दिवस, एवढंच करायचं. त्या मुलीचे ४ गुणिले ६, म्हणजे २४ तास.

रोजची वेळ वेगवेगळी असेल तर सातही दिवस एकाखाली एक लिहून बेरीज करा. म्हापशात शुक्रवारी बाजार भरतो, म्हणून कित्येक दुकानांत शुक्रवारी मुलांना लवकर बोलावतात. तो जास्तीचा वेळ शुक्रवारच्या ओळीत आलाच पाहिजे.

इथे एक चूक हमखास होते, आणि ती कॅल्क्युलेटरवर होते. ४ तास ३० मिनिटं म्हणजे ४.३० नव्हे, ४.५. तासाची मिनिटं ६० असतात, त्यामुळे मिनिटांना ६० ने भागून मग ती तासांत मिळवायची. १० मिनिटं म्हणजे ०.१७, १५ म्हणजे ०.२५, २० म्हणजे ०.३३, २५ म्हणजे ०.४२, ४० म्हणजे ०.६७ आणि ४५ म्हणजे ०.७५. ही यादी मी टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवली आहे. इतकी वर्षं हिशेब करूनही ४ तास २५ मिनिटं लिहिताना घाईत हात ४.२५ कडेच वळतो.

दुसरी पायरी: वर्षाचे तास, वर्षाचा पगार

वर्षाचे आठवडे ५२. आठवड्याच्या तासांना ५२ ने गुणा, महिन्याच्या पगाराला १२ ने गुणा, आणि पगाराला तासांनी भागा.

२४ गुणिले ५२ = १,२४८ तास.
९,००० गुणिले १२ = १,०८,००० रुपये.
१,०८,००० भागिले १,२४८ = ८६.५४ रुपये.

हा त्या मुलीचा कागदावरचा तासाचा दर. तिने स्वतः काढलेल्या ७५ पेक्षा साडेअकरा रुपयांनी जास्त.

पुष्कळ लोक महिन्याचे चार आठवडे धरतात. २४ गुणिले ४ म्हणजे ९६ तास, आणि ९,००० भागिले ९६ म्हणजे ९३.७५. हा दर फुगलेला आहे. बारा महिने प्रत्येकी चार आठवड्यांचे धरले तर वर्षाचे ४८ च आठवडे होतात, आणि उरलेले चार आठवडे तुम्ही काम करता पण हिशेबात येत नाहीत. दर महिना चार आठवड्यांहून थोडा मोठा असतो, सरासरी ४.३३ आठवड्यांचा.

२६ हा आकडा कुठून येतो

पगाराच्या कामात २६ हा आकडा सारखा कानावर पडतो. मॅनेजर म्हणतो, "आम्ही छब्बीस दिवसांवर काढतो." नव्या मुलांना वाटतं की हा त्याने मनाने ठरवलेला आकडा आहे. तसं नाही. आठवड्याला ६ दिवस गुणिले ५२ आठवडे म्हणजे ३१२ दिवस, आणि ३१२ भागिले १२ म्हणजे २६. आठवड्याला एक सुट्टी असलेल्या माणसाच्या कामाच्या दिवसांची ही महिन्याची सरासरी आहे. ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे बरीच वर्षं काम करून नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेच्या कायद्यातही महिन्याचा पगार २६ नेच भागतात.

म्हणून सहा दिवसांच्या कामाला वर्षाचा गुणाकार टाळून थेट २६ गुणिले रोजचे तास केले तरी उत्तर तेच येतं. २६ गुणिले ४ म्हणजे १०४ तास, ९,००० भागिले १०४ म्हणजे पुन्हा ८६.५४.

तुमचे दिवस सहा नसतील तर मात्र २६ वापरू नका. आठवड्याला पाच दिवस काम असेल तर महिन्याचे सरासरी दिवस २१.६७ येतात, तीन दिवस असेल तर १३, आणि शनिवार-रविवार असे दोनच दिवस असेल तर ८.६७. पर्वरीतल्या एका ऑफिसात आठवड्यातून तीन दिवस जाणाऱ्या बाईंचा पगार कुणीतरी २६ ने भागून काढलेला मी पाहिला आहे. त्यांचा दर बरोबर निम्मा दिसत होता, आणि त्या दराने त्यांना जास्तीच्या तासांचे पैसे मिळत होते.

३० आणि २६ ची अदलाबदल

या मुद्द्यावर थोडं थांबा, कारण खरा तोटा इथेच होतो.

तुमचा एक खाडा पडला. २६ च्या हिशेबाने दिवसाचे ३४६.१५ रुपये कापले जातात. ३० च्या हिशेबाने ३०० कापले जातात. ३० ने भागणं म्हणजे रविवारही पगारी धरणं, आणि ती पद्धतही चालते. पण जी पद्धत कापताना, तीच देताना हवी. एखाद्या दिवशी तुम्ही तासभर जास्त थांबलात, तर २६ च्या हिशेबाने त्या तासाचे ८६.५४ येतात आणि ३० च्या हिशेबाने ७५.

मी कॉलेजात असताना मडगावात एका दुकानात पार्टटाइम होते. तिथे खाडा २६ ने कापत आणि जादा तास ३० ने देत. तेव्हा मला हे कळलंच नाही. दोन वर्षांनी हिशेबाच्या कामाला लागले, तेव्हा जुन्या वहीतले आकडे पाहून लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं. रक्कम मोठी नव्हती. पण मी दर महिन्याला सही करून ते मान्य करत होते. म्हणून कामाला लागतानाच सरळ विचारा: "खाडा कितीने भागून कापता, आणि जादा तास कितीने भागून देता?" हा प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही. नीट हिशेब ठेवणारा मालक एका वाक्यात उत्तर देतो.

तिसरी पायरी: खरे तास मोजा

आतापर्यंतचा ८६.५४ हा ठरलेल्या वेळेवर काढलेला दर आहे. आता घड्याळ बघायचं.

मी त्या मुलीला विचारलं, "आठला दुकान बंद होतं, मग तू घरी किती वाजता पोचतेस?" घर दहा मिनिटांवर असूनही ती पावणेनऊच्या आसपास पोचत होती. आठला गिऱ्हाईक घेणं बंद होतं, मग गल्ला मोजायचा, यूपीआयचे व्यवहार बिलांशी जुळवायचे, फ्रीजमधल्या इंजेक्शनांचं तापमान वहीत लिहायचं, संपलेल्या औषधांची यादी काढायची, आणि मग शटर. मी तिला घरातलं कालनिर्णय दाखवलं आणि म्हटलं, तुमच्या घरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत पेन्सिलने दोनच वेळा लिही, दुकानात पाय ठेवलास ती आणि शटर ओढलं ती. दूधवाल्याचे खाडे लिहितात तसं.

दोन आठवड्यांनी ती ते पान फोटो काढून घेऊन आली. बारीक अक्षरात ३.५९–८.२३, ४.०१–८.२८, ४.००–८.२५ असं लिहिलेलं. एका गुरुवारी ८.५० होतं, त्या दिवशी माल आला होता. तो एक दिवस बाजूला ठेवला तर सरासरी रोज ४ तास २५ मिनिटं.

४.४१६७ गुणिले ६ = २६.५ तास आठवड्याला.
२६.५ गुणिले ५२ = १,३७८ तास.
१,०८,००० भागिले १,३७८ = ७८.३७ रुपये.

कॅल्क्युलेटरवर चुकून ४.२५ घातलं असतं तर ८१.४५ आलं असतं, म्हणून वरची मिनिटांची यादी पुन्हा एकदा बघून घ्या.

रोजची २५ मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात. वर्षाला ती १३० तास होतात. चार तासांच्या माणसाला हे ३२ दिवसांहून जास्त काम आहे, म्हणजे महिन्याभरापेक्षा जास्त.

कुठला वेळ धरायचा? मालकाच्या कामासाठी तुम्ही तिथे असणं भाग आहे तो सगळा. उघडण्याआधीची झाडलोट, युनिफॉर्म घालून हजर राहण्याची सक्ती, बंद केल्यावरची मोजदाद, दुकानाच्या कामासाठी बँकेत जाणं, हे सगळं धरा. मित्राची वाट बघत दुकानात बसलात तो वेळ धरू नका. चहाच्या दहा मिनिटांत गिऱ्हाईक आलं की उठावं लागत असेल, तर ती मिनिटं कामाचीच.

चौथी पायरी: वरचा आकडाही तपासा

भागाकारात वर पगार येतो, पण कुठला पगार? खात्यात जमा होणारा की कापण्याआधीचा?

तासाचा दर कापण्याआधीच्या पगारावर काढा. समजा ९,००० वर पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी लागू आहे. तुमच्याकडून १२ टक्के म्हणजे १,०८० कापले जातात आणि हातात ७,९२० येतात. ७,९२० ला १०४ ने भागलं तर ७६.१५ दिसतात आणि दर कमी वाटतो. पण १,०८० तुमच्याच खात्यात जमा होतात, आणि मालकही आपल्या बाजूने तेवढीच टक्केवारी भरतो. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा असेल तर तुमचा हिस्सा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. पीएफ देणारी ९,००० ची नोकरी आणि काहीच न कापता ९,००० हातात ठेवणारी नोकरी यांत पहिली जास्त मोलाची आहे, मग पहिल्या तारखेला खिशात काहीही पडो. पार्टटाइम आहे म्हणून पीएफ नाही असं कुणी सांगितलं तर ते कारण पुरेसं नाही. आस्थापनेला कायदा लागू असेल तर पार्टटाइम कामगारही त्यात येतो.

टिप या आकड्यात मिळवू नका. कळंगुट-बागाच्या बाजूला हॉटेलांत नव्या मुलांना सांगतात, "पगार आठ, टिप धरून बारा पडतात." टिप गिऱ्हाईक देतं, आणि पावसाळ्यात गिऱ्हाईकच कमी असतं. टिप वेगळ्या रकान्यात लिहा.

पगारी सुट्ट्यांमुळे दर वाढतो, बिनपगारी सुट्ट्यांमुळे पगारच घटतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आणि चवथीचे दिवस धरून वर्षाला १५ सुट्ट्या पगार न कापता मिळत असतील, तर कामाचे दिवस ३१२ ऐवजी २९७ होतात. २९७ गुणिले ४ म्हणजे १,१८८ तास, आणि दर ९०.९१. चवथीत दुकान पाच दिवस बंद ठेवून त्या पाच दिवसांचा पगार कापत असतील, तर १२ ने गुणून आलेल्या वर्षाच्या पगारातून ती रक्कम वजा करा, आणि वर्षाच्या तासांतून त्या दिवसांचे तासही. चवथ गोव्यात कुणी चुकवत नाही, त्यामुळे हा प्रश्न कामाला लागतानाच विचारायचा असतो, ऑगस्टमध्ये विचारून उपयोग नाही.

पाचवी पायरी: दोन नोकऱ्या शेजारी ठेवा

आता म्हापसा. साडेपाच तास, सहा दिवस, ११,५००.

आठवड्याला ३३ तास, वर्षाला १,७१६. पगार १,३८,०००. दर ८०.४२.

कागदावरच्या वेळा घेतल्या तर डिचोलीचं दुकान ८६.५४ वर, म्हणजे पुढे. डिचोलीचे खरे तास घेतले तर ७८.३७, म्हणजे म्हापसा पुढे. पण म्हापशाचे साडेपाच तास हेही कागदावरचेच होते. एकीकडचे खरे आणि दुसरीकडचे तोंडी आकडे शेजारी ठेवणं हा अन्यायच आहे. म्हणून तिला सांगितलं की त्या दुकानातल्या एखाद्या मुलीला बाहेर गाठून विचार, शटर किती वाजता पडतं.

मग भाडं. बसने जाऊन-येऊन दिवसाचे ४० रुपये धरले तर २६ दिवसांचे १,०४०. ११,५०० तून ते गेले की १०,४६० उरतात. वर्षाचे १,२५,५२०, भागिले १,७१६, म्हणजे ७३.१५. आणि प्रवासाचा वेळ? जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. हा वेळ मालकाला विकलेला नाही, म्हणून तो दरात धरायची पद्धत नाही. पण दिवसातून तो जातोच. धरून पाहिला तर वर्षाचे २,१८४ तास होतात आणि हातात तासाला ५७.४७. रात्री उशिरा म्हापशाहून परतायला बस कधी मिळेल हा वेगळाच प्रश्न, आणि तो तिच्या आईने विचारला होता.

मी कधीच कुणाला अमुक नोकरी घे असं सांगत नाही. ११,५०० ची गरज असेल तर ११,५०० च लागतात, दर कितीही असो. फीचा हप्ता तासाच्या दराने भरता येत नाही. पण किती तास देऊन ते मिळतात हे माहीत असावं.

आपल्याच ठिकाणच्या फुलटाइम माणसाशीही तुलना करून बघा. त्याच दुकानात तेच काम आठ तास करणाऱ्याला १९,५०० मिळत असतील, तर त्याचा दर १९,५०० भागिले २०८, म्हणजे ९३.७५. त्या दराने चार तासांचे ९,७५० व्हायला हवेत. काम तेच, अनुभव सारखा, तरी साडेसातशेचा फरक का, हे विचारायला हरकत नाही.

किमान वेतनाशी ताडून बघणं

कायद्याची चौकट थोडक्यात. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४८ चा किमान वेतन कायदा तिच्यात सामावला. किमान वेतन तासावर, दिवसावर किंवा महिन्यावर ठरवता येतं. गोवा सरकार कामाच्या प्रकाराप्रमाणे आणि अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा श्रेणींप्रमाणे दर अधिसूचित करतं, आणि मूळ दरावर महागाई भत्ता असतो. तो भत्ता बदलत राहतो, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारा जुना आकडा घेऊ नका, चालू अधिसूचना बघा.

दिवसाचा दर सापडला की मूळ दर आणि भत्ता यांची बेरीज करून ८ ने भागा, कारण पूर्ण दिवस आठ तासांचा. समजा बेरीज ५२० आली, तर तासाला ६५. हा ५२० चा आकडा मी फक्त भागाकार दाखवायला घेतला आहे. आलेलं उत्तर तुमच्या तिसऱ्या पायरीच्या दराशी ताडा, पहिल्या दोन पायऱ्यांच्या दराशी नको. कागदावर किमान वेतनाच्या वर असणारा दर खऱ्या तासांनी भागल्यावर खाली येऊ शकतो.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. तुम्हाला पूर्ण दिवसासाठी ठेवलं असेल, आणि पावसामुळे गिऱ्हाईक नाही म्हणून दुपारीच घरी पाठवलं, तर तो दिवस पूर्ण धरायचा असतो, कारण काम न देणं ही मालकाची बाजू झाली. मुळातच चार तासांसाठी ठेवलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. दुसरं, ओव्हरटाइमचा दुप्पट दर नेहमीच्या पूर्ण दिवसापेक्षा जास्त झालेल्या तासांना लागतो. चार तासांचा माणूस एखाद्या दिवशी सहा तास थांबला तर ते दोन तास दुप्पट होत नाहीत. पण ते फुकटही नाहीत. निदान स्वतःच्या दराने ते मिळावेत, आणि हे आधी बोलून ठेवावं.

ज्यांचा हिशेब या साच्यात बसत नाही

हॉटेलातली ब्रेक शिफ्ट. दुपारी साडेअकरा ते अडीच, मग संध्याकाळी साडेसात ते साडेदहा. सहा तास, पगार १२,०००. २६ गुणिले ६ म्हणजे १५६, दर ७६.९२. मधल्या पाच तासांत घरी जाऊन येता येत असेल तर हा दर खरा. बांद्याहून म्हापशाला येणारा मुलगा मध्ये घरी जाऊ शकत नाही, तो हॉटेलच्या मागच्या खोलीत पडून राहतो. त्याच्यासाठी दिवस अकरा तासांचा झाला, आणि ११ गुणिले २६ म्हणजे २८६ ने भागलं तर तासाला ४१.९६. मधला वेळ पगारी नसतो हे मान्य, पण दोन ऑफरमधून निवडताना हा दुसरा आकडाही शेजारी लिहा.

शॅकवरचं, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलातलं सीझनचं काम. पगाराला १२ ने गुणायचं नाही. सीझनचा एकूण पगार भागिले सीझनचे एकूण तास. सात महिने, महिना १२,५००, म्हणजे ८७,५००. तीस आठवडे, सहा दिवस, पाच तास, म्हणजे ९००. दर ९७.२२, चांगला दिसतो. पण जूनपासून शॅक मोडून ठेवतात आणि पुढचे महिने रिकामे जातात. ८७,५०० बारा महिन्यांवर पसरले तर महिना ७,२९२ रुपये पडतात. घरखर्चाला हा आकडा धरा.

लेक्चर बेसिसवर शिकवणाऱ्यांनी तयारी आणि पेपर तपासणी धरावी. तासाला ३०० ठरले आणि प्रत्येक तासामागे ४० मिनिटं घरी जात असतील, तर १०० मिनिटांचे ३०० झाले, म्हणजे खरे तासाला १८०.

मालकाशी बोलताना

भांडायला जाऊ नका आणि रडवेलंही होऊ नका. पंधरा दिवसांच्या वेळा, त्याखाली बेरीज, त्याखाली भागाकार, एवढा एकच कागद न्या. गिऱ्हाइकांच्या गर्दीत बोलू नका. छोट्या दुकानात मालकाने स्वतः कधी हा हिशेब केलेलाच नसतो, त्यालाही आकडा पाहून आश्चर्य वाटतं. माझा अनुभव असा की पगार वाढवून मागितला की "बघू" येतं, पण तास कमी करून मागितले की लगेच काहीतरी ठरतं.

पगारपत्रक मागा, ते देणं कायद्याने मालकाचं काम आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा, आणि काम सोडल्यावर उरलेला हिशेब दोन कामाच्या दिवसांत. बोलून काहीच झालं नाही तर पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. जाताना पगाराच्या नोंदी दाखवणारं पासबुक, कामावर ठेवल्याचं पत्र किंवा तसा मेसेज, आणि वेळा लिहिलेली कॅलेंडरची पानं न्या. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, म्हणून डिसेंबर संपला की जुनं कॅलेंडर रद्दीत घालू नका.

ती मुलगी डिचोलीतच राहिली. तिने कागद दाखवल्यावर मालक बराच वेळ त्या वेळा वाचत बसले, आणि मग म्हणाले की पगार आत्ता वाढवता येणार नाही, पण बंद करायचं काम एक दिवस तिने आणि एक दिवस दुसऱ्या मुलाने करावं. आठवड्यात तीन दिवस ती आता आठच्या ठोक्याला निघते. आठवड्याचे तास २५.२५ झाले, वर्षाचे १,३१३, दर ८२.२५. जुलैच्या पानावर तिने तो आकडा कोपऱ्यात लिहिला आहे आणि वेळा लिहिणं अजून चालू आहे.